जिचा हप्ता थकतो, तिचं काय?

ख्रिस्ती धर्मात दुबळ्यांची काळजी घेणं हे कर्तव्य मानलं आहे. आज त्याबद्दल बोलू, कारण त्यातलं बरंच आपल्या बचत गटाच्या कामाचं आहे.

धान कापून झालं की आपल्या वडशाच्या आजूबाजूला बांधीत पडलेल्या लोंबा वेचणाऱ्या बाया दिसतात. सरवा वेचणं म्हणतात त्याला. बायबलच्या जुन्या करारात शेतकऱ्याला नियमच आहे, की शेताच्या कडेचं पीक कापू नका, खाली पडलेलं उचलू नका. ते गरिबाचं, विधवेचं, अनाथाचं आणि परक्या माणसाचं. रूथ नावाची विधवा असाच सरवा वेचून सासूला जगवते. शेतकऱ्याची मेहेरबानी नाही ती, वेचणारीचा हक्क आहे.

पुढे येशूच्या शिष्यांच्या काळात यरुशलेममध्ये रोज अन्नवाटप चाले. त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या. तक्रार झाली, तेव्हा शिष्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि वाटपाची जबाबदारी विश्वासातल्या सात माणसांवर सोपवली. आम्हाला ही गोष्ट फार जवळची वाटते. वाटप नीट चाललंय असं सगळे समजतात आणि जिच्या बाजूनं बोलणारं कोणी नाही, तीच रांगेबाहेर राहते.

आपल्या महाराष्ट्रात हे कर्तव्य सगळ्यात मोठ्या प्रमाणावर कोणी निभावलं असेल, तर पंडिता रमाबाईंनी. जन्म 1858 चा. 1874 मध्ये आई, वडील आणि थोरली बहीण दुष्काळात, उपासमारीत गेले. बाई स्वतः भुकेतून आलेल्या. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लंडनमध्ये समाजानं टाकलेल्या बायांसाठी जोगिणींनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. त्या घरातून सावरलेल्या काही बाया आता आजाऱ्यांची सेवा करत होत्या. जिला सांभाळलं, तीच दुसरीला सांभाळते, हे त्यांच्या मनात बसलं.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. 1896 ला मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास निराधार मुली, विधवा सोबत आणल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे अन्न तर मिळेच, पण शिक्षण, शेती, विणकाम, छापखान्याचं कामही बायाच करत. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई. बसवून खाऊ घालणं रमाबाईंना पुरेसं वाटलं नाही.

धर्मांतराच्या मुद्द्यावर त्यांच्यावर टीकाही झाली. 1893 मध्ये शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले. आम्हाला विचाराल तर, मदतीला धर्माची अट नको, मग ती कोणाचीही असो. येशूनं सांगितलेल्या गोष्टीत वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला उचलणारा शोमरोनी त्याच्या जातीचा नव्हता आणि त्यानं त्याला काही विचारलंही नाही.

आता आपल्या गटाकडे या. नवीन बाई घेताना पहिला प्रश्न असतो, हप्ता भरेल का? मग एकटी म्हातारी, अपंग बाई, कुष्ठरोगातून बरी झालेली, दारूड्या नवऱ्यानं टाकलेली, या बाहेरच राहतात. म्हणजे ज्यांना गट सगळ्यात जास्त हवा, त्यांनाच गट नाही. खरं तर अशा बायांसाठी वेगळा गट पाच जणींचाही चालतो. गावात ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असतो, व्हीआरएफ म्हणतो आपण, तो याच कामासाठी आहे.

पैसे नसले तरी दोन कामं जमतात. वॉर्डातल्या निराधार बायांची यादी करा. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचा अर्ज कोणाचा राहिलाय, हयातीचा दाखला कोणाचा द्यायचाय ते बघा. राशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून कोणी रिकामी पिशवी घेऊन परत येते का, तेही विचारा. येत असेल तर पुढच्या खेपेला आपल्यातली एक तिच्यासोबत दुकानात जाऊ दे, आणि धान्य हातात पडेपर्यंत तिथेच थांबू दे.