डायलिसिसवर असलेल्या पुरुषांच्या लैंगिक तक्रारी

पारनेर, पाथर्डी, जामखेडहून आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी नगरला येणारे रुग्ण पाणी किती प्यायचे, डाळ-भाजी कशी खायची हे मोकळेपणाने विचारतात. हा एक प्रश्न मात्र राहून जातो, किंवा पत्नी बाहेर गेल्यावर हळूच विचारला जातो. तक्रार दुर्मीळ नाही. किडनीविकार असलेल्या दर दहा पुरुषांपैकी सुमारे सात जणांना लिंगाला पुरेशी ताठरता न येण्याचा त्रास असतो, असे जगभरातले अभ्यास सांगतात. अनेकांची इच्छाही कमी होते.

कारण बहुधा एकच नसते. रक्तात साठलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे टेस्टोस्टेरॉन घटते आणि प्रोलॅक्टिन वाढते. ज्या मधुमेहाने आणि रक्तदाबाने किडनी गेली, त्यांनीच लिंगाच्या रक्तवाहिन्या व नसाही खराब केलेल्या असतात. त्यात हिमोग्लोबिन आठ-नऊ, मशीनवरून उतरल्यावरचा थकवा, खर्चाची काळजी. बीपीच्या काही गोळ्या आणि मळमळीवरचे मेटोक्लोप्रामाइडही भर घालतात. म्हणून सगळी औषधे पिशवीत घालून आणा. कधी एक गोळी बदलूनही फरक पडतो. मनाने गोळी बंद मात्र करू नका.

पहिला उपचार साधा आहे: डायलिसिस पूर्ण घेणे. एसटी चुकेल म्हणून चार तासांऐवजी तीन तासांत उठणारे बरेच जण असतात. त्याने नुकसान होते. एरिथ्रोपोएटिन आणि लोहाची इंजेक्शने चुकवू नका. हार्मोनचे इंजेक्शन तपासणीत कमतरता दिसली तरच.

सिल्डेनाफिल डायलिसिसच्या रुग्णाला देता येते. सुरुवात बहुधा २५ मिलिग्रॅमने होते. पण छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल तर ते अजिबात घ्यायचे नाही, रक्तदाब जीवघेणा खाली येऊ शकतो. प्राझोसिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. डायलिसिसला जाण्यापूर्वीही घेऊ नका. ताठरतेची तक्रार हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते, त्यामुळे आधी हृदयाची तपासणी हवी.

‘ताकदीची’ भस्मे आणि चूर्णे घेऊ नका. त्यांत शिसे-पारा निघाल्याची उदाहरणे आहेत. काहींत न सांगता सिल्डेनाफिलच मिसळलेले असते.

पत्नींना एक सांगायचे आहे. पतीची इच्छा कमी झाली याचा अर्थ प्रेम आटले असा नाही, हा आजाराचा भाग आहे. किडनीचा आजार संबंधातून लागत नाही. हिपॅटायटिस बी असेल तर पत्नीने लस घ्यावी, तोवर कंडोम वापरावा. हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्ही असेल तर काय काळजी घ्यायची ते विचारून घ्या. संबंधाच्या वेळी फिस्टुलाच्या हातावर भार येऊ देऊ नका. मानेत कॅथेटर असेल तर ते ओढले जाणार नाही, ओले होणार नाही हे पाहा. डायलिसिसच्या दिवशी अंगात त्राण नसते. दुसरा दिवस बरा.

किडनी प्रत्यारोपणानंतर अनेकांची तक्रार कमी होते, सगळ्यांची नाही. मूल हवे असेल तर प्रत्यारोपणाआधीच डॉक्टरांशी बोला, कारण नंतरच्या काही औषधांचा वीर्यावर परिणाम होतो.