खोकला नाही ना?

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याची खोड लागते. उत्पन्न किती, जामीन कोण, आधीचे कर्ज फिटले का? हे प्रश्न मी हजारो वेळा विचारले, आणि खरे सांगायचे तर त्यातले निम्मे उत्तर ऐकण्यासाठी नव्हे, रकाना भरण्यासाठी. रोकड तपासणीचेही तसेच. नोटांची बंडले न मोजता ‘शिल्लक मोजून बरोबर आढळली’ याखाली सही ठोकणारे अधिकारी मी पाहिले आहेत. त्यांच्यातला एक रोज सकाळी दाढी करताना मला आरशात दिसतो.

1998 साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. शाखेत एक दफ्तरी होते. माणूस हसतमुख, जुनी लेजर्स डोळे मिटून काढून देणारा. त्या वर्षी त्यांना खोकला जडला. संध्याकाळी कणकण यायची, आणि पट्ट्याला नवी भोके पाडण्याइतके ते वाळले. त्यांचे औषधाचे बिल माझ्या टेबलावर आले, त्यात ‘आजाराचे स्वरूप’ हा रकाना कोरा होता. नियमाप्रमाणे मी बिल परत केले, तेही हॉलमध्ये, चार लोकांसमोर. “अहो, काय झालंय ते लिहा की!” ते काही बोलले नाहीत. बिल पुन्हा आलेच नाही. पुढच्या वर्षी ते गेले. क्षयाने गेले, असे सगळे म्हणाले. क्षयाच्या मागे एचआयव्ही होता, हे मला त्यांच्या पत्नीकडून कळले, तेही कितीतरी वर्षांनी.

या दोन आजारांची सोबत भयंकर आहे. आपल्या देशात 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील दर तीन माणसांमागे सुमारे एकाला क्षयाच्या जंतूंचा संसर्ग झालेला आढळला. तुम्हीआम्हीही त्यात असू. बहुतेकांच्या शरीरात तो जंतू जन्मभर निजून राहतो. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीबाधितांमध्ये मात्र राखणदारच दुबळा झालेला असतो. निरोगी माणसाला संसर्गानंतर उभ्या आयुष्यात क्षय होण्याचा जो धोका, साधारण शंभरात पाच ते दहाचा, तेवढा त्यांना दर वर्षी असतो. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा सर्वांत मोठा मारेकरी आजही क्षयच आहे. 2023 साली जगात अशी सुमारे 1 लाख 61 हजार माणसे गेली. मला याहून अस्वस्थ केले ते 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने. एचआयव्हीबाधितांच्या शवविच्छेदनाच्या अनेक अभ्यासांची त्यात एकत्र मांडणी होती. ज्यांच्या शरीरात क्षय सापडला, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना तो जिवंतपणी कोणी सांगितलाच नव्हता.

आता वहिनींची गोष्ट. त्यांच्या परवानगीने आणि गावाचे नाव वगळून लिहितो आहे. यजमान गेल्यावर त्या एका खानावळीत पोळ्या लाटू लागल्या. 2005 मध्ये तपासणीत त्यांनाही एचआयव्ही निघाला. आदल्या वर्षीच, 1 एप्रिल 2004 पासून, सरकारने त्यावरची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली होती, म्हणून त्या वाचल्या. दर महिन्याला जिल्ह्याच्या एआरटी केंद्रातून गोळ्या आणायच्या आणि पहाटे पाचला पुन्हा पोळपाटापुढे बसायचे, असे वर्षानुवर्षे चालले. 2018 च्या पावसाळ्यात मुलगा परगावी होता, म्हणून सोबतीला मी गेलो.

मी बाकावर बसलो. वहिनींनी त्यांची पिशवी आणि केंद्राचे पुस्तक माझ्या हातात दिले. बँकेचा माणूस पासबुक पाहिल्याशिवाय राहतो थोडाच? मी पाने उलटली. दर महिन्याला वजनाची नोंद होती : 49, 48, 46, 44. आणि प्रत्येक नोंदीशेजारी चार रकाने होते. खोकला, ताप, वजनात घट, रात्रीचा घाम. चारही महिने चारही रकान्यांत ‘नाही’. खात्यातली शिल्लक दरमहा उतरते आहे आणि शेरा मात्र ‘व्यवहार समाधानकारक’!

मी हळूच म्हटले, “वहिनी, हे काय?” त्या म्हणाल्या, “गप बसा साहेब. होय म्हटलं की दिवस मोडतो. मग थुंकी द्या, फोटो काढा, उद्या या. खानावळीत कळलं तर माझ्या हातची पोळी कोण खाईल?”

आत प्रश्न कसे विचारले जात होते तेही ऐकू येत होते. समोर दीडशे माणसांची रांग, टेबलापाशी एक बाई. मान खाली घालून त्या म्हणत होत्या, “खोकला नाही ना? ताप नाही ना?” मराठीत ‘नाही ना’ हा प्रश्नच नव्हे, ती विनंती आहे. समोरचा ती मान्य करतो आणि पुढे सरकतो. त्या बाईंना दोष देण्याचा अधिकार मला नाही. मीही दुपारी तीन वाजता, काउंटरवर गर्दी असताना, असेच विचारत होतो.

हे चार प्रश्न मात्र साधे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली ते ठरवून दिले : प्रत्येक भेटीत विचारायचे, एकाचे जरी उत्तर ‘होय’ आले तरी क्षयाची तपासणी करायची. इथे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्के बसलेले वाक्य आड येते, ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर तपासा.’ इतरांसाठी ते ठीक. एचआयव्हीबाधिताला कालपासून खोकला असला तरी तो मोजायचा. आणि खोकला नसला, तरी क्षय नाही असे समजायचे नाही. फुप्फुसात क्षयाची पोकळी पडते ती आपली प्रतिकारशक्ती जंतूशी झुंजते म्हणून. झुंजणारेच थकले असतील तर पोकळी पडत नाही, बेडक्यात जंतू फारसे उतरत नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकाखालची काच स्वच्छ दिसते. रोग गाठींत, मेंदूच्या आवरणात, पोटात जाऊन बसतो. म्हणूनच जनुकीय यंत्रावरची तपासणी, जिला आपल्याकडे सीबीनॅट म्हणतात, इतकी मोलाची. जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन त्याच्यावर चालेल का, हे दोन्ही ती दोनेक तासांत सांगते.

आणखी एक गोष्ट जाणकारांनी मान्य केली आहे. एआरटी चालू असलेल्यांमध्ये हे चार प्रश्न क्षयाचे साधारण निम्मेच रुग्ण पकडतात. म्हणून 2021 च्या मार्गदर्शनात छातीचा फोटो आणि रक्ताच्या तपासणीचीही जोड सुचवलेली आहे. पण निम्मे पकडणारी जाळी आपण ‘नाही ना’ म्हणून आणखी फाडायची, याला काय म्हणावे?

खऱ्या ‘नाही’लाही किंमत आहे, हे बाकावरच्या माणसांना कोणी सांगत नाही. चारही उत्तरे खरोखर नकारार्थी असतील तर क्षय होऊ नये म्हणून गोळ्या देता येतात : आयसोनियाझिड सहा महिने, सोबत हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून ब-6 जीवनसत्त्व, आता आठवड्यातून एकदा घ्यायचा बारा डोसांचा कोर्सही आहे. आयव्हरी कोस्टमध्ये झालेल्या टेंप्रानो चाचणीत सहा महिन्यांच्या आयसोनियाझिडने मृत्यू एक तृतीयांशाहून अधिक घटले, आणि तो फायदा पुढे कित्येक वर्षे टिकला. खोट्या ‘नाही’वर मात्र याच गोळ्या घातक ठरू शकतात. आत क्षय चालू असताना एकच औषध दिले, तर जंतू त्याला सरावतो.

वहिनींचा नंबर लागला तेव्हा टेबलावर दुसऱ्या सिस्टर बसल्या होत्या, वयाने लहान. त्यांनी पुस्तक उघडले, मागची पाने पाहिली आणि पेन खाली ठेवले. “मावशी, ब्लाउज आत घ्यावे लागले का हो एवढ्यात?”

वहिनी गप्प.

“रात्री उशीचा अभ्रा ओला होतो?”

“दोन वेळा बदलते,” वहिनी म्हणाल्या, आणि रडू लागल्या. सिस्टरांनी दार लोटून घेतले. मी बाहेर बसून राहिलो.

खोकला त्यांना नव्हताच. बेडक्यात काही निघाले नाही, छातीचा फोटोही स्वच्छ. पण मानेवर, पदराखाली, बोराएवढी गाठ होती. तिच्यातून सुईने काढलेल्या नमुन्यात क्षय सापडला. डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की फुप्फुसात काही नसेल तर गाठीचा क्षय दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे पोळ्यांना कसलीच अडचण नव्हती! ज्या भीतीपायी चार महिने ‘नाही’ म्हटले, ती भीतीच पोकळ होती. हे आधी कोणी सांगितले असते तर, असे मी म्हणणार होतो. पण वहिनींनी तरी कोणाला आणि कुठल्या तोंडाने विचारायचे?

एचआयव्ही आणि क्षय, दोन्हीची औषधे एआरटी केंद्रातच एका खिडकीवर मिळत होती. आमच्या बँकेत ‘एक खिडकी’ आणायला किती बैठका झाल्या होत्या! रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते हे सिस्टरांनी आधीच बजावले होते, म्हणून वहिनी घाबरल्या नाहीत. सहा महिने गोळ्या घेतल्या. खानावळीच्या मालकिणीला एवढेच सांगितले की मानेची गाठ आहे, औषध चालू आहे. ते खोटेही नव्हते.

दफ्तरींचे ते परत केलेले बिल मी विसरलो असे नाही. एकदा परतीच्या एसटीत मी वहिनींकडे तो विषय काढला. त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “त्या दिवशी घरी आल्यावर ते म्हणाले, साहेबांनी विचारलं, पण सगळ्यांसमोर विचारलं.”

अधूनमधून मी अजून त्यांच्याबरोबर जातो. गेल्या खेपेला वजनकाट्यावर चढण्याआधी त्या चपला काढू लागल्या. “असू द्या मावशी,” नव्याने आलेला मुलगा म्हणाला.

“नको बाबा. पावशेराचा घोळ होतो,” वहिनी म्हणाल्या, आणि काटा स्थिर होईपर्यंत वाकून पाहत राहिल्या.