गोदाकांठचा मुक्काम व गळाची जागा

सुगी आटोपल्यावर गोदावरीच्या अगर पूर्णेच्या कांठीं दोन दिवस उतरून गळ टाकण्याची हौस असलेल्या शेतकरी बंधूंनीं प्रथम जागा पारखावी. राहुटी पात्रांतील वाळूवर न ठोकतां उंच कांठावर ठोकावी. गोदावरीवर पैठणास १९७६ सालीं धरण पुरें झालें व पूर्णेवर येलदरीचें आहे. वरून पाणी सुटल्यास आभाळ निरभ्र असतांही पात्र भरतें.

मासा खोल डोहांत विसावतो व चरावयास कडेला येतो. म्हणून डोहाचें तोंड, वळणाची कातरलेली बाजू व ओढ्याचा संगम हीं ठिकाणें उत्तम. मृगळ तळाशीं चरतो. त्यास कणकेची गोळी खालीं सोडावी. मरळ मासा हवा घेण्यास वर येतो व शेवाळी, संथ पाण्यांत दबा धरतो. त्यास बेडकी लावावी. वाम रात्रीं गांडुळास लागते. पिल्लांचा थवा राखणारा मरळ मात्र सोडून द्यावा, नाहीं तर तीं पिल्लें इतर माशांच्या तोंडीं जातात.

सुरुंग व विष यांस ब्रिटिश अमलांत १८९७ च्या कायद्यानेंच बंदी झाली होती. विषानें अंडीं व पिल्लेंही मरतात, आणि तेंच पाणी आपलीं गुरें पितात, हें विसरूं नये.