नवे सत्र, वीरस्मरण आणि खेळाचे मैदान

मृगाच्या सरी पडून गेल्या, कपाशीची सरकी मातीआड झाली, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील शाळांची कुलपे निघू लागतात. विदर्भाचा उन्हाळा कडक; म्हणून उर्वरित महाराष्ट्राच्या मानाने आमचे सत्र काहीसे उशिराच सुरू होते. या सत्राच्या आरंभी दोन दिवस असे येतात की, त्यांचा परस्परसंबंध सहसा कोणी सांगत नाही. २६ जुलै हा कारगिल विजय दिन. १९९९ च्या त्या युद्धात कामी आलेल्या जवानांचे त्या दिवशी स्मरण करावयाचे. २९ ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस. तो राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. पहिल्या दिवशी भाषणे होतात, दुसऱ्या दिवशी शर्यती होतात, आणि एरवी खेळाचा तास पुष्कळ ठिकाणी गणिताच्या उजळणीस दिला जातो. या दोन दिवसांचे नाते काय, याचा आज थोडा विचार करू.

खेळातून सैनिक घडतो, असे आपण नेहमी ऐकतो. काटकपणा, आज्ञापालन, सोबत्यावरील विश्वास हे गुण मैदानावर अंगी बाणतात, यात शंका नाही. परंतु हे अर्धेच सत्य होय. कबड्डीचा, म्हणजे आपल्या जुन्या हुतूतूचा, डाव पाहा. गडी बाद झाला की मुले म्हणतात, ‘मेला’; आणि त्याच्या पक्षाने समोरचा गडी मारला की तोच ‘जिवंत’ होऊन आत येतो. भाषा सगळी लढाईची, पण मरण मात्र क्षणाचे. डाव संपला की मारणारा आणि मेलेला एकाच नळावर पाणी पितात. कारण उद्याच्या डावास प्रतिपक्ष हवाच असतो. रणांगणावर पडलेला गडी पुन्हा उठत नाही. हा भेद ज्या मुलास मैदानावर उमगला, त्यालाच स्मरणदिनी पाळलेल्या दोन मिनिटांच्या मौनाचा अर्थ कळेल.

खेळ आपोआप माणुसकी शिकवितो, असेही कोणी समजू नये. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले. आमच्या शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तेथे गेले व त्याने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके परदेशीय प्रेक्षकांपुढे केली. त्याच सामन्यांत, १५ ऑगस्ट रोजी, ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हॉकी संघाने जर्मनीस ८ विरुद्ध १ अशा गोलांनी हरविले. हे ध्यानचंद स्वतः सैन्यातील शिपाईगडी होते. परंतु यजमान नाझी राजवटीने तो सोहळा आपल्या वैभवाच्या प्रदर्शनासाठी वापरला आणि ज्यू खेळाडूंस आपल्या संघापासून बहुतांशी दूर ठेवले. तीनच वर्षांनी महायुद्ध पेटले. १९४० व १९४४ चे ऑलिंपिक सामने झालेच नाहीत. मैदान भव्य असले, तरी खेळविणाऱ्याची दृष्टी कलुषित असेल, तर खेळ युद्ध टाळू शकत नाही.

आता याच कथेची दुसरी बाजू पाहा. लुडविग गुटमन नावाचे एक ज्यू डॉक्टर १९३९ साली जर्मनी सोडून इंग्लंडात आश्रयास आले. स्टोक मँडेव्हिल येथील इस्पितळात, पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांवर उपचार करण्याचे काम १९४४ पासून त्यांच्याकडे आले. अशा रुग्णांचे शरीर कमरेखाली लुळे पडते; शय्याव्रण व मूत्रमार्गाचे विकार त्यांचा घात करीत, आणि त्यांनी अंथरुणावर मरणाची वाट पाहावी, अशीच तेव्हाची समजूत होती. गुटमन यांनी खेळालाच औषध केले. खेळाने दंडांत बळ येते, तोल सावरता येतो. शिवाय रुग्णास आपण कोणाच्या तरी बरोबरीचे आहोत, असे वाटू लागते. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन होत असतानाच, त्यांनी चाकाच्या खुर्चीवरील १६ खेळाडूंची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिम्पिक सामन्यांचे मूळ तेथे आहे.

त्या रोपट्याचे फळ महाराष्ट्राच्याही पदरी पडले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि पोहण्यात निष्णात झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक मिळविले. पॅरालिम्पिक सामन्यांतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. आणि हायडेलबर्ग कोठे? जेथून गुटमन यांस परागंदा व्हावे लागले, त्याच जर्मनीत! पेटकर यांस पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. म्हणजे तब्बल ४६ वर्षांनी. आपण स्मरण किती उशिरा करतो, हेही येथे ध्यानात घ्यावे.

तेव्हा शिक्षकबंधूंस व पालकांस माझी तीन विनवण्या आहेत. २६ जुलै रोजी केवळ भाषण न करता, आपल्या गावातून वा तालुक्यातून सैन्यात गेलेल्यांची नावे मुलांनी स्वतः विचारून, वहीत उतरून, वर्गात वाचावीत. आणि एखादे माजी सैनिक गावात असतील, तर त्यांस मानाने बोलवावे. दुसरे असे की, आठवड्याचा खेळाचा तास कोणत्याही विषयास उसना देऊ नये. पावसाळ्यात आमची काळी माती पायास चिकटते, मैदान चिखलाचे होते, हे मी जाणतो. पण चिखल धुता येतो, गेलेले बालपण परत आणता येत नाही. तिसरे, वर्गातील लंगडे, आजारी वा अपंग मूल कुंपणापाशी कपडे सांभाळीत बसलेले असते, त्यास डावात घ्यावे. त्याला झेपेल असा नियम करून घ्यावा. गुटमन यांनी याहून निराळे काय केले?

जे गेले, ते परत येणार नाहीत. जे आहेत, त्यांतील एकही गडी कडेला बसून राहू नये, एवढे मात्र आपल्या हाती आहे. वीरस्मरणाचा याहून सोपा आणि याहून खरा मार्ग मला दिसत नाही.