डोळ्यांदेखत घडले, तरी...

तास सुरू होऊन दहाएक मिनिटे झालेली असतात. दार उघडून एक अनोळखी माणूस वर्गात येतो, शिक्षकांशी चढ्या आवाजात दोन-चार वाक्ये बोलतो, टेबलावरची पिशवी उचलतो आणि निघून जातो. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. मुले गोंधळून एकमेकांकडे पाहत असतानाच शिक्षक कोरे कागद वाटतात आणि सांगतात, ‘आता कोणाशीही न बोलता, जे पाहिले ते लिहा.’ कागद गोळा झाले की एकाच माणसाचे पंचवीस अवतार समोर येतात. कुणी त्याला दाढी दिलेली असते, कुणी टोपी. पिशवी कुठे निळी असते, कुठे काळी. तो काय बोलला याबद्दल तर दोघांचेही एकमत नसते.

अमेरिकेतील अनेक हायस्कुलांत नववी ते बारावीच्या मुलांना पोलिसी कामाची ओळख करून देणारे अभ्यासक्रम आहेत. ‘कायदा, सार्वजनिक सुरक्षा’ ही तिथल्या व्यवसाय शिक्षणाची एक शाखाच आहे. 2000 साली ‘सीएसआय’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि न्यायवैद्यक विज्ञानाचे आकर्षण शाळांपर्यंत पोहोचले. मुले बोटांचे ठसे उचलायला शिकतात, घटनास्थळाचा नकाशा काढतात, एकमेकांना बेड्या घालण्याचा सराव करतात, प्रथमोपचार शिकतात. ‘स्किल्स यूएसए’ या विद्यार्थी संघटनेच्या स्पर्धांत घटनास्थळाच्या तपासाची स्पर्धाही असते. शाळकरी मुलांच्या हाती बेड्या देणे कितपत बरे, हा वाद तिथेही आहे आणि तो रास्त आहे. पण या अभ्यासक्रमांतली सर्वांत मोलाची गोष्ट बेड्यांत नाही आणि ठशांच्या पावडरीतही नाही. ती या पंचवीस कागदांत आहे.

प्रयोग तसा जुना. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बर्लिनमध्ये फ्रान्झ फॉन लिस्ट या कायद्याच्या प्राध्यापकांच्या वर्गात दोन विद्यार्थ्यांत भांडण जुंपले, एकाने पिस्तूल काढले आणि गोळी सुटली. सगळे नाटक होते, आधी ठरवलेले. मग उरलेल्या विद्यार्थ्यांचे जबाब घेतले गेले. ह्युगो म्युन्स्टरबर्ग या मानसशास्त्रज्ञाने 1908 साली दिलेल्या वृत्तान्तानुसार, सर्वांत चांगल्या जबाबातही 26 टक्के तपशील चुकले होते आणि सर्वांत वाईट जबाबात 80 टक्के. प्रसंग जसा तापत गेला, तशा चुका वाढत गेल्या. काहींनी तर कुणाच्या तोंडी कधी न आलेली वाक्येही लिहून दिली होती. हे सारे कायद्याचे विद्यार्थी होते. आजच्या अमेरिकी शाळेत असे पिस्तूल काढण्याचे धाडस कोणी शिक्षक करणार नाही. त्यामुळे तिथे पिशवीवरच भागवावे लागते.

असे का होते? डोळे कॅमेऱ्यासारखे चालत नाहीत आणि आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली चित्रफीत नव्हे. समोर घडणाऱ्यातले मेंदू थोडेसेच टिपतो. माणूस घाबरलेला असेल तर आणखी कमी. हातात शस्त्र दिसले की नजर शस्त्रावर खिळते आणि चेहरा निसटतो. पुढे आठवायची वेळ आली की मेंदू त्या तुटपुंज्या तुकड्यांतून प्रसंग नव्याने जुळवतो. मधल्या फटी भरायला तो अंदाज वापरतो, इतरांचे ऐकलेले वापरतो, विचारलेल्या प्रश्नातले शब्दही वापरतो. भरणी कुठे झाली, हे आठवणाऱ्याला कळत नाही.

प्रश्नातल्या शब्दांचा परिणाम किती होतो, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 साली दाखवले. त्यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. गाड्या ‘जोरात आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असे विचारल्यावर सरासरी उत्तर आले ताशी सुमारे 65 किलोमीटर. ‘आदळल्या’ऐवजी ‘एकमेकींना लागल्या’ अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरताच वेग सुमारे 51 वर आला. दुसऱ्या एका प्रयोगात आठवडाभराने विचारण्यात आले, फुटलेली काच पाहिली का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. तरीही ‘जोरात आदळल्या’ हे शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जणांना ती आठवली. साध्या ‘धडकल्या’ शब्दाच्या गटात अशांची संख्या 7 होती.

वर्गात अशा चुकांवर हशा पिकतो. न्यायालयात त्याच चुकांची किंमत वेगळी असते. 1984 च्या जुलैमध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात जेनिफर थॉम्पसन या 22 वर्षांच्या विद्यार्थिनीवर तिच्याच घरात बलात्कार झाला. जगलो तर याला ओळखायचेच, असे ठरवून तिने हल्लेखोराचा चेहरा निरखून पाहिला. पोलिसांनी दाखवलेल्या छायाचित्रांतून तिने रोनाल्ड कॉटनला निवडले आणि नंतर प्रत्यक्ष ओळख परेडीतही त्यालाच निवडले. छायाचित्रांत आणि परेडीत, दोन्हीकडे असलेला कॉटन हा एकटाच होता. तू बरोबर निवड केलीस, असा दिलासाही तिला मिळाला. न्यायालयात उभी राहिली तेव्हा तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. फेरसुनावणीत बॉबी पूल नावाचा कैदी तिच्यासमोर आणण्यात आला, तेव्हा याला आपण कधी पाहिलेच नाही, असे तिने सांगितले. 1995 साली डीएनए चाचणी झाली. गुन्हेगार पूल होता. कॉटनने दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.

थॉम्पसन खोटे बोलत नव्हती. ओळख परेडीत तिने ओळखला तो बहुधा छायाचित्रातला चेहरा. पोलिसांच्या दिलाशाने त्या चुकीला खात्रीचे अस्तर लागले. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी 1998 साली प्रयोगातून हेच दाखवले. चुकीचा माणूस निवडलेल्या साक्षीदाराला ‘छान, तुम्ही संशयितालाच ओळखले’ एवढे सांगितले की त्याची खात्री वाढते. इतकेच नव्हे, तर आपल्याला तो सुरुवातीपासून स्पष्ट दिसला होता, असेही त्याला वाटू लागते. अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्या पहिल्या 375 जणांपैकी सुमारे 69 टक्के प्रकरणांत साक्षीदाराची चुकीची ओळख हे एक कारण होते.

पुढे नॉर्थ कॅरोलायनाने 2007 साली कायदा केला. संशयित कोण हे ज्याला ठाऊक नाही अशाच व्यक्तीने ओळख करून घ्यायची, ‘यात गुन्हेगार असेल किंवा नसेलही’ असे साक्षीदाराला आधी बजावायचे आणि त्याला किती खात्री वाटते ते तिथल्या तिथे, त्याच्याच शब्दांत नोंदवायचे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे नियम समजायला काहीच अवघड नसतात, कारण नियम का हवेत हे त्यांनी स्वतःच्याच कागदावर नुकतेच पाहिलेले असते. आधी एकट्याने लिहायचे, मग बोलायचे. ‘तो दाढीवाला होता ना?’ असे नाही, तर ‘काय पाहिलेस?’ असे विचारायचे. पाहिलेले आणि तर्काने जोडलेले वेगळे लिहायचे. ‘माहीत नाही’ या उत्तराला पूर्ण गुण! परीक्षेच्या धाकात वाढलेल्या मुलांना हा शेवटचा नियम पचवायला सर्वांत जड जात असणार.

आपल्याकडे कान आणि डोळे यांत चार बोटांचे अंतर असते असे म्हणतात, आणि डोळ्यांना झुकते माप देतात. तरीही आपल्या तपास पद्धतीला डोळ्यांची मर्यादा ठाऊक नव्हती असे नाही. वर्तमानपत्रांत बुरखा घातलेल्या आरोपींची छायाचित्रे येतात. ‘यांची अब्रू कशाला झाकता?’ असा संताप अनेक वाचक व्यक्त करतात. त्यामागचे एक मुख्य कारण ओळख परेड हे असते. साक्षीदाराने आधीच चेहरा पाहिला, तर परेडीला काही अर्थ उरत नाही. म्हणूनच परेडीत आरोपीसारख्याच वयाची आणि ठेवणीची माणसे उभी करतात आणि त्या वेळी तपास अधिकाऱ्याने तिथे थांबायचे नसते. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रणही बंधनकारक केले आहे. पंचांच्या नुसत्या आठवणीवर आता सगळा भार राहणार नाही.

भारतातही शाळकरी मुलांसाठी ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ उपक्रम आहे. 2010 साली केरळमध्ये तो सुरू झाला आणि 2018 साली आठवी-नववीच्या मुलांसाठी देशपातळीवर आला. कवायत, वाहतुकीचे नियम, कायद्याची ओळख, व्यसनांपासून दूर राहणे असे विषय त्यात आहेत. अर्ध्या मिनिटाचे एक नाटुकले आणि कोरे कागद यांना खर्च येत नाही. हा प्रयोग कोणत्याही शाळेत, विज्ञानाच्या तासालाही करता येईल. पाहुणा तेवढा मुलांना अनोळखी हवा.

या प्रयोगाचा दुसरा भाग आठवडाभराने करायचा. सहा छायाचित्रे फळ्यावर लावायची आणि विचारायचे, पिशवी नेणारा यातला कोण? तो त्यात नसतोच. रॉय माल्पस आणि पॅट्रिशिया डिव्हाइन यांनी 1981 साली केलेल्या अशा एका प्रयोगात गुन्हेगार रांगेत नव्हता. तो असणारच, असा ज्यांचा समज करून दिला होता त्यांच्यापैकी 78 टक्के जणांनी कुणा ना कुणा निर्दोष माणसावर बोट ठेवले. तो नसेलही, असे आधी सांगितल्यावर हे प्रमाण 33 टक्क्यांवर आले. वर्गाचेही दोन गट करून हा फरक पाहता येतो. मग कोपऱ्यातल्या मोबाइलवर त्या दिवशी केलेले चित्रण लावायचे आणि प्रत्येकाला त्याचा कागद परत द्यायचा. दाढी, टोपी, पिशवीचा रंग, बोललेली वाक्ये, एकेक गोष्ट मुलांनी स्वतःच तपासायची.