मार्चच्या उन्हात गव्हाचा दाणा बारीक का राहतो?

नवा गहू घेताना गिऱ्हाईक आधी मूठभर दाणे तळहातावर घेऊन बघतं. दाणा टपोरा असेल तर भाव मिळतो, चिरमुटलेला असेल तर घासाघीस सुरू होते. हा फरक नेहमी बियाण्याचाच असतो असं नाही. अनेकदा तो उन्हाचा असतो.

फुलोऱ्यानंतर साधारण महिनाभर गव्हाचा दाणा भरत असतो. आधी दाबला की दूध निघतं, मग चीक, मग तो टणक होतो. या काळात पानांत तयार झालेली साखर दाण्यात येते आणि तिचा स्टार्च बनतो. हे काम करणारे एन्झाइम्स थंडीत चांगले चालतात. पारा ३० अंशांच्या पुढे गेला की ते मंदावतात. शिवाय उष्णतेत पीक घाई करतं, दाणा भरायचे दिवसच कमी होतात. रात्रीही उकाडा असेल तर साठवायची साखर श्वसनातच खर्च होते. अशा दाण्यात कोंडा जास्त, पीठ कमी. भाताचंही असंच होतं: दाणा आतून पांढुरका, ठिसूळ राहतो आणि गिरणीत त्याची कणी होते.

२०२२ चा मार्च हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात ऐन दाणे भरताना ही लाट आली. केंद्राने १३ मे रोजी गव्हाची निर्यात थांबवली. त्यानंतर दोनच दिवसांनी या राज्यांतल्या सरकारी खरेदीत आकसलेल्या आणि तुटक्या दाण्यांची मर्यादा ६ वरून १८ टक्के केली.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात तर मार्चमध्ये पारा पस्तिशीला टेकणं नेहमीचंच. इथली खरी अडचण पेरणीच्या तारखेची आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू फेब्रुवारीतच भरून मोकळा होतो. पण कपाशीची वेचणी लांबते, शेत डिसेंबरात रिकामं होतं आणि मग दाणे भरायची वेळ नेमकी मार्चच्या उन्हात सापडते. वेचणी अर्ध्यावर सोडून कपाशी उपटा, असं शेतकऱ्याला सांगणं सोपं नाही.

म्हणून उशिराच्या पेरणीलाही चालणारे वाण निवडावे लागतात. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा ‘फुले समाधान’ हा त्यातलाच. दाणे भरताना हलकं पाणी दिलं तर पिकातला गारवा टिकतो. मात्र वारा सुटलेला असताना पाणी देऊ नये, जड झालेल्या ओंब्यांसकट गहू लोळतो.