मोटारघराचे दार : निवड आणि खर्चाचा हिशेब

घर बांधताना मुख्य दरवाजाचा विचार जितक्या आस्थेने केला जातो, तितका मोटारघराच्या दाराचा होत नाही. मुख्य दरवाजाचे लाकूड, त्याची दिशा, त्यावरील कोरीवकाम यांविषयी घरातील प्रत्येकजण मत देतो. मोटारघराचे दार मात्र बहुधा सर्वांत शेवटी, हाती उरलेल्या पैशांत आणि ठेकेदार सांगेल त्याप्रमाणे बसविले जाते. वस्तुतः घरातील सर्वांत मोठे व सर्वांत जड दार हेच असते आणि पुष्कळदा ते माणसांच्या डोक्यावरून वरखाली होत असते. म्हणून असे दार घेताना केवळ पत्र्याची किंवा लाकडाची किंमत पाहून भागत नाही. दाराचे वजन कशाने आणि किती वर्षे तोलून धरले जाणार आहे, हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर मिळाले, की निवड आणि खर्च या दोन्ही गोष्टींचा उलगडा होऊ लागतो.

उदाहरणादाखल जबलपूरसारख्या शहरातील एका निवृत्त शिक्षकाच्या घराची कल्पना करावी. मोटारघराची उघडी २.४ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच आहे. जुने दोन झडपांचे लाकडी दार पावसाळ्यात फुगून अडकते, उन्हाळ्यात त्याला फटी पडतात. अंगणात नातवंडे खेळत असतात. शिलकीतील ठरावीक रकमेतच नवे दार बसवायचे आहे. अशा गृहस्थापुढे कोणते पर्याय असतात?

दारांचे प्रकार

पहिला पर्याय म्हणजे पूर्वीसारखेच बिजागऱ्यांवर फिरणारे दोन झडपांचे दार. ते लाकडाचे असो वा लोखंडी चौकटीवर पत्रा ठोकून केलेले असो, त्याची दुरुस्ती गावातील कोणताही सुतार किंवा लोहार करू शकतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु वर सांगितलेल्या उघडीला प्रत्येक झडप १.२ मीटर रुंदीची होते आणि ती फिरण्यासाठी तेवढी जागा समोर मोकळी लागते. घर रस्त्याला लागून असेल, तर हा पर्याय सोडून द्यावा लागतो.

दुसरा पर्याय लोखंडी पट्ट्यांच्या सरकत्या जाळीचा, म्हणजे कोलॅप्सिबल गेटचा. कोलकात्यातील जुन्या घरांत व मुंबईतील इमारतींच्या जिन्यांशी अशी दारे सर्रास दिसतात. त्यांतून वारा खेळता राहतो, पण धूळ आणि पाऊस अडत नाही. मोटारीवर आधीच छप्पर असेल आणि केवळ चोरीपासून संरक्षण हवे असेल, तर हे दार पुरेसे ठरते.

तिसरा पर्याय गुंडाळल्या जाणाऱ्या शटरचा. दुकानांमुळे ते भारतात सर्वत्र परिचित आहे. एकमेकींत अडकविलेल्या पोलादी पट्ट्या दोन्ही बाजूंच्या खाचांतून वर सरकतात व मथळ्यावरील नळीभोवती गुंडाळल्या जातात.

चौथा पर्याय आडव्या खंडांच्या दाराचा. सामान्यतः चार-पाच रुंद खंड बिजागऱ्यांनी जोडलेले असतात. ते रुळांवरून वर चढतात आणि छताला समांतर जाऊन स्थिरावतात. अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये वर उचलले जाणारे असे दार तयार केले व १९२६ मध्ये ते उघडणारे विजेचे यंत्रही बनविले. अमेरिकेतील घरांत मोटारघर घराला जोडूनच असल्यामुळे या दाराचा तेथे विलक्षण प्रसार झाला. भारतातील शहरांतही आता ते मिळते, मात्र ते बसविणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर प्रत्येक गावी असतातच असे नाही.

या चार प्रकारांत एक मूलभूत भेद आहे. पहिल्या दोहोंत दाराचे वजन बिजागऱ्यांवर किंवा रुळांवर राहते. उरलेल्या दोहोंत ते वजन डोक्यावर उचलले जाते. म्हणजेच शेवटचे दोन प्रकार निवडणाऱ्याने दाराबरोबरच एक तोलयंत्रही विकत घेतलेले असते.

वजन आणि तोल

हे वजन किती असते? सपाट पोलादी पत्रा १.२५ मिलिमीटर जाडीचा असेल, तर एका चौरस मीटरला सुमारे ९.८ किलो भरतो. शिक्षकांच्या मोटारघराची उघडी सुमारे ५ चौरस मीटर आहे. तेव्हा नुसता पत्राच ५० किलोच्या आसपास जातो. पट्ट्यांना दिलेले बाक आणि खालचा जाड अँगल यांचे वजन त्यात मिळवावे लागते. पत्रा ०.९ मिलिमीटरचा घेतला, तर हाच आकडा सुमारे ३६ किलोवर येतो. एवढे ओझे एखादा वृद्ध गृहस्थ एका हाताने उचलू शकतो, याचे श्रेय त्याच्या बळाला नसून नळीतल्या किंवा मथळ्यावरच्या स्प्रिंगला असते. दार खाली येताना स्प्रिंग ताणली अथवा पिळली जाते आणि तिच्यात साठलेली शक्ती दार वर नेताना उपयोगी पडते.

म्हणून तोल नीट साधला आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. हाताने चालणारे दार अर्ध्या उंचीपर्यंत न्यावे आणि सावधपणे सैल सोडून पाहावे. ते जवळजवळ तेथेच राहिले, तर तोल ठीक आहे. ते झपाट्याने खाली येऊ लागले, तर स्प्रिंग दुबळी आहे. आपोआप वर धावले, तर ती वाजवीपेक्षा जास्त ताणलेली आहे. ही कसोटी घेताना दाराखाली कोणीही उभे राहू नये. बिघाड आढळल्यास कारागिराला बोलवावे. स्प्रिंगचे खिळे व पट्ट्या घरच्या माणसाने कधीही सोडू नयेत. त्यांत साठलेली शक्ती एकदम मोकळी होऊन गंभीर इजा होऊ शकते.

स्प्रिंगचे आयुष्य वर्षांत न मोजता फेऱ्यांत मोजतात. दार एकदा उघडून बंद झाले, की एक फेरी होते. खंडांच्या दारांना सामान्यतः १०,००० फेऱ्यांची स्प्रिंग बसवितात. दिवसाला चार फेऱ्या धरल्या, तर वर्षाला १,४६० होतात आणि ती स्प्रिंग सात वर्षांच्या आतच संपते. दिवसाला दोनच फेऱ्या असतील, तर तीच स्प्रिंग तेरा वर्षांहून अधिक टिकते. घरात दोन नोकरदार माणसे असतील आणि मोटारघराचे दार हाच रोजचा येण्याजाण्याचा मार्ग असेल, तर २०,००० फेऱ्यांची स्प्रिंग मागणे हिताचे ठरते. साध्या शटरच्या बाबतीत हा आकडा दुकानदार क्वचितच आपण होऊन सांगतो; तो विचारून घ्यावा.

गुंडाळत्या शटरांसाठी भारतीय मानक ६२४८ आहे. त्याप्रमाणे ८ चौरस मीटरपर्यंतचे शटर बॉल बेअरिंगशिवाय आणि १२ चौरस मीटरपर्यंतचे बॉल बेअरिंगसह हाताने चालविण्याजोगे मानले जाते. त्याहून मोठ्या शटरला दंतचक्रे किंवा विजेचे यंत्र लागते. शिक्षकांचे शटर केवळ ५ चौरस मीटरचे असल्याने त्याला विजेची गरज नाही, हे यावरून स्पष्ट होते.

विजेचे यंत्र आणि सुरक्षितता

तथापि पाठदुखीमुळे किंवा वयोमानामुळे विजेचे यंत्र हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. ते घेताना मुलांचा विचार सर्वप्रथम केला पाहिजे. अमेरिकेत अशा दारांखाली सापडून मुले दगावल्यानंतर १९९० मध्ये कायदा करण्यात आला. १ जानेवारी १९९३ पासून तेथे घरगुती वापरासाठी तयार होणाऱ्या प्रत्येक यंत्राला अडथळा ओळखण्याची सोय सक्तीची झाली. यासाठी बहुधा उघडीच्या दोन्ही बाजूंस, जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या आत, प्रकाशकिरण सोडणारी व टिपणारी साधने बसवितात. खाली येणाऱ्या दाराच्या वाटेत कोणी आले आणि किरण तुटला, की दार उलट फिरते. दार प्रत्यक्ष एखाद्या वस्तूवर टेकले तरीही ते मागे फिरले पाहिजे. त्याची परीक्षा म्हणून सुमारे ४ सेंटिमीटर जाडीचा लाकडी तुकडा उंबऱ्यावर आडवा ठेवून दार खाली सोडतात.

वीज गेल्यावर काय, हा दुसरा प्रश्न. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील वणव्यांच्या वेळी वीजपुरवठा तुटला आणि काही माणसांना मोटारघराचे दार उघडता न आल्यामुळे बाहेर पडणे अशक्य झाले. त्यानंतर त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून अशा नव्या यंत्रांना बॅटरीची जोड असणे बंधनकारक केले. वीज वारंवार जाणाऱ्या गावात तर यंत्रापासून दार सोडविण्याची दोरी किंवा हातसाखळी असलीच पाहिजे आणि ती कशी वापरावी हे घरातील सर्वांना ठाऊक असले पाहिजे.

हवामान आणि मोजमाप

जे दार जबलपूरला टिकते ते विशाखापट्टणमला टिकेलच असे नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे पोलाद लवकर गंजते; तेथे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा ॲल्युमिनियम घ्यावे. राजस्थानात उडती वाळू खाचांत साचते. तेथे खाचा वरचेवर साफ कराव्या लागतात. पावसाचे पाणी तुंबणाऱ्या वस्तीत दाराची खालची पट्टी सर्वप्रथम कुजते, म्हणून उंबरा थोडा उंच करून अंगणाकडे उतार द्यावा.

वादळी किनाऱ्यावर आणखी एक धोका असतो. ऑगस्ट १९९२ मध्ये फ्लोरिडात झालेल्या अँड्र्यू चक्रीवादळानंतरच्या पाहणीत असे आढळले, की अनेक घरांत मोटारघराचे रुंद दार आधी मोडले, आत शिरलेल्या वाऱ्याने दाब वाढला आणि मग छपरे उचलली गेली. ओडिशा आणि आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावर घर बांधणाऱ्याने हे ध्यानी ठेवून वाऱ्याचा दाब सोसणारे, खाचांतून निसटणार नाही असे दार मागावे.

मोजमाप घेताना केवळ उघडीची लांबीरुंदी पुरत नाही. शटरच्या गुंडाळीसाठी मथळ्यावर साधारणतः फूट-दीड फूट जागा लागते. खंडांच्या दाराला वर जागा लागतेच, शिवाय दाराच्या उंचीपेक्षा थोडी जास्त खोली छताखाली मोकळी असावी लागते. तेथे तुळई, पंखा किंवा दिवा आडवा येऊ नये. आजच्या मोठ्या मोटारींची रुंदी आरसे सोडूनही १.८ ते १.९ मीटर असते, याचाही विचार उघडी ठरविताना करावा.

खर्चाचा हिशेब

दाराच्या खर्चाचे चार भाग पडतात : प्रत्यक्ष दार, स्प्रिंग, बेअरिंग, कुलूप व यंत्र, जुने दार काढणे, गवंडीकाम आणि बसवणूक, आणि पुढील वर्षांची देखभाल. बहुतेक वेळा दुकानदार पहिल्या भागाचाच भाव सांगतो आणि गिऱ्हाईकही तेवढ्यावरच तुलना करते. येथेच फसगत होते.

भाव चौरस फुटावर सांगितला जातो. परंतु कोणी उघडीचे क्षेत्रफळ धरतो, तर कोणी गुंडाळीत जाणारा पत्राही मोजतो. जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे पुष्कळांना माहीत नसते. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज सुमारे ०.९ आणि २२ गेज सुमारे ०.७ मिलिमीटर. म्हणून एकाच कागदावर मोजमाप, मिलिमीटरमधील जाडी, मुलामा, स्प्रिंगच्या फेऱ्या, बेअरिंग, रंग, वाहतूक, बसवणूक, कर आणि हमीची मुदत असे सर्व लिहून तो तीन विक्रेत्यांना द्यावा आणि लेखी भाव मागवावा. मग तुलना सारख्या वस्तूंची होते.

हिशेबाच्या सोयीसाठी काही आकडे मानून पाहावेत. एका दाराला आज ४०,००० रुपये पडतात. पत्रा साधा आहे व स्प्रिंग १०,००० फेऱ्यांची. दुसऱ्याला ५५,००० रुपये पडतात; पत्र्याला जस्ताचा मुलामा आहे व स्प्रिंग २०,००० फेऱ्यांची. दिवसाला चार फेऱ्या धरल्या, तर पंधरा वर्षांत पहिल्याची स्प्रिंग दोनदा बदलावी लागेल. प्रत्येक वेळी ५,००० रुपये धरल्यास १०,००० होतात. दर दोन वर्षांनी रंग द्यायचा, त्याचे २,००० प्रमाणे सात वेळांचे १४,००० रुपये. एकूण खर्च ६४,००० झाला. दुसऱ्याची स्प्रिंग एकदाच बदलावी लागेल; ती महाग म्हणून ६,००० रुपये धरले, तर एकूण ६१,००० होतात. आज पंधरा हजारांनी महाग दिसणारे दार शेवटी स्वस्त पडले. प्रत्येकाने आपल्या गावचे खरे भाव घालून हा हिशेब करावा. उत्तर दर वेळी असेच येईल असे नाही, पण ते माहीत असणे अगत्याचे आहे.

आणि रक्कम खरोखरच अपुरी असेल तर? तेव्हा काय पुढे ढकलता येते आणि काय येत नाही, हे ठरवावे. विजेचे यंत्र पुढेही बसविता येते. मात्र त्यासाठी जागा आणि विजेची नळी आताच ठेवावी. नक्षी, खास रंग, काचेच्या खिडक्या यांवाचून अडत नाही. पत्र्याची जाडी, स्प्रिंग, भिंतीत घट्ट बसविलेले आधार आणि जाणत्या कारागिराची मजुरी यांत मात्र काटकसर करू नये, कारण दाराखालून ये-जा करणाऱ्यांची सुरक्षितता त्यांवरच अवलंबून असते.

जबलपूरच्या शिक्षकांपुरता निर्णय यातून सहज निघतो. पुढे अंगण पुरेसे असेल आणि लहान मुलांची वर्दळ असेल, तर पत्र्याची दोन झडपे हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सुरक्षित मार्ग आहे; मात्र वाऱ्याने झडप आपटू नये म्हणून दोन्हींना अडकण हवी. जागा कमी असेल, तर हाताने चालणारे, मुलामा दिलेल्या पत्र्याचे शटर घ्यावे, त्याला बॉल बेअरिंग लावून घ्यावे आणि विजेच्या यंत्रासाठी राखलेल्या पैशांतून चांगली स्प्रिंग घ्यावी. वर्षातून दोनदा खाचा पुसाव्यात, वंगण द्यावे आणि अर्ध्या उंचीची ती साधी कसोटी घ्यावी. एवढी काळजी घेतली, तर ते दार पुष्कळ वर्षे निर्धोकपणे काम देते.